सह्याद्रीतला दर्या

"ह्या सह्याद्रीत समुद्र कुठून आला हो?"

गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. फोनवर बाई. बाई म्हणजे आमच्या संशोधनाच्या व्याकरण खात्याच्या सर्वेसर्वा. मराठीच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्या, पण लाल पेन अजून निवृत्त झालेलं नाही. पडद्यावर वाचणं त्यांना जमत नाही, म्हणून पेपरचा मसुदा छापून, स्टेपल मारून दुपारीच घरी पोचवला होता. इंग्रजीकडे बघू नका, फक्त मराठी उदाहरणं तपासा, एवढीच विनंती होती. तिसऱ्या पानावर 'सह्याद्रीच्या दऱ्यांमध्ये' हवं होतं, तिथे छापलं होतं 'सह्याद्रीच्या दर्यांमध्ये'.

"टायपिंगची चूक असेल बाई, दुरुस्त करतो."

"आणि पाचव्या पानावर आचाऱ्याचा आचार्य झालाय, तीही टायपिंगचीच का?"

माझ्या पोटात गोळा आला. ती उदाहरणं आम्ही कुणी टाइप केलेलीच नव्हती. आमच्या वाक्यांच्या साठवणीतून ती प्रोग्रामने उचलली होती. म्हणजे चूक कागदावर नव्हती, विहिरीतच होती. आणि पेपर पाठवायची मुदत संपत होती शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी.

ही ५.२९ ची वेळ कुणाला विचित्र वाटेल, पण संगणकशास्त्राच्या परिषदांना पेपर पाठवणाऱ्या भारतीयाला ती पंचांगासारखी पाठ असते. परिषदांची मुदत 'एओई' पद्धतीने ठरते: 'एनीव्हेअर ऑन अर्थ'. पृथ्वीवर कुठेही अजून ती तारीख चालू असेल, तोवर पेपर घेतात. सगळ्यात मागे रेंगाळणारं घड्याळ प्रशांत महासागरातल्या बेकर आणि हाउलंड ह्या अमेरिकी बेटांचं. तिथे गुरुवारचे रात्रीचे ११.५९ होतात तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची संध्याकाळ झालेली असते. त्या बेटांवर माणूस राहत नाही. पक्षी असतात. जगभरचे संशोधक त्या पक्ष्यांच्या मध्यरात्रीवर डोळा ठेवून जागत बसतात, हे मला दरवर्षी नव्याने गमतीचं वाटतं. त्या रात्री मात्र वाटलं नाही.

पेपर कशावर होता ते सांगायला हवं, नाहीतर दऱ्यांचा दर्या झाल्याने एवढं काय बिघडलं हे कळणार नाही. मराठीत शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी शब्द स्वतःच वळतो. घोडा 'घोड्या' होतो, पाणी 'पाण्या' होतं, मग 'ने', 'ला', 'त' चिकटतात. हेच सामान्यरूप, शाळेत सगळे शिकतो आणि दहावीनंतर विसरतो. बोलताना चुकत मात्र कुणी नाही. संगणकाला हे जमत नाही. त्याला 'घरासमोरच्यांनीसुद्धा' हा शब्द दिला की आत 'घर' आहे हे शोधताना त्याची दमछाक होते. त्यातून 'माळ्यावर' आला, तर तो माळा की माळी? सामान गेलं असेल तर माळा, मालक चिडला असेल तर माळी. 'दोऱ्यांनी' म्हटलं तर दोरे की दोऱ्या? शेजारचे शब्द बघून मूळ शब्द ओळखणारं यंत्र आम्ही बनवत होतो. आम्ही म्हणजे पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातला मी, चार विद्यार्थी आणि बाई.

यंत्राला शिकवायला आणि नंतर त्याची परीक्षा घ्यायला माणसांनी तपासलेली वाक्यं लागतात. चौघांनी काही हजार वाक्यं वाटून घेतली आणि प्रत्येक शब्दाचं मूळ रूप, लिंग, वचन नोंदवायला बसले. काही वाक्यं मुद्दाम दोघांना दिली होती, मतं जुळतात का बघायला. जुळणीचा हा आकडा जेकब कोहेन ह्यांनी १९६० मध्ये सुचवला. त्याला 'कप्पा' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात आमचा कप्पा आपटला. कारण शोधलं तर भांडण 'मी येतो' वर. एका संवादात एक स्त्री बोलतेय, आणि ती म्हणते, "मी जाऊन येतो." पुण्याच्या मुलाने 'चूक, येते हवं' अशी खूण केलेली. कोल्हापूरच्या मुलीने काहीच खूण केलेली नाही.

"तुला खटकलं नाही?" मी विचारलं.

"काय खटकायचंय सर? मी पण तसंच बोलतो की."

खरंच बोलत होती. दोन वर्षं आम्ही ऐकत होतो आणि आमच्या कानाला ते कधी ऐकू आलं नव्हतं. मग नियमावलीत कलम वाढलं: बोली ही चूक नव्हे. पाठोपाठ नागपूरच्या मुलाने 'करून राहिलो' पुढे केलं आणि नियमावली चार पानांची बारा पानं झाली. पेपरात ह्या सगळ्याला जागा मिळाली दीड ओळ. वाचणाऱ्याला वाटावं की चार शहाणी मुलं बसली आणि तपासून उठली.

तर गुरुवारची रात्र. प्रयोगशाळा दहाला बंद होते. वॉचमनकाकांना हात जोडले. "निकाल लागायचा राहिलाय काका." आमच्या भाषेत निकाल म्हणजे प्रयोगाचा आकडा, त्यांना वाटलं मुलांच्या परीक्षेचा. त्यांनी किल्ली तर ठेवलीच, बारा वाजता सगळ्यांना चहाही आणून दिला, आणि चौघांतल्या धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होतोस रे पास."

चूक सापडायला एक वाजला. कोल्हापूरच्या मुलीला सापडली. मजकूर यंत्रात घालण्याआधी त्याची सफाई करतात: जादा मोकळ्या जागा, विचित्र चिन्हं, एकाच अक्षराचे दोन अवतार वगैरे. ह्या सफाईसाठी आम्ही एक तयार प्रोग्राम घेतला होता, देवनागरीसाठीच लिहिलेला. पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होती हिंदी. हिंदीत नुक्त्याचा, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचा, गोंधळ फार. कुणी 'ज़मीन' लिहितो, कुणी 'जमीन'. म्हणून त्या प्रोग्रामने सरसकट सगळे नुक्ते पुसायचं ठरवलं होतं. हिंदीचं त्याने फारसं अडत नाही.

मराठीचं अडतं. 'दऱ्या' मधला तो पापणीसारखा वळलेला अर्धा र युनिकोड ह्या संगणकी अक्षरांच्या यादीत 'ऱ' ह्या वेगळ्या अक्षरापासून बनतो. हे अक्षर त्या यादीत मुळात द्राविडी भाषांमधला एक र देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेलं. त्याचं अर्धं रूप आपल्या कामी आलं. पण त्याच यादीत ह्या अक्षराची फोड दिली आहे: र, अधिक नुक्ता. सफाईवाल्याने नुक्ता पुसला. उरला साधा र. वाऱ्याचा वार्या, दोऱ्यांच्या दोर्या, आचाऱ्याच्या हातून झारा जाऊन त्याचा आचार्य, आणि सह्याद्रीच्या कुशीत दर्या.

हे कमी होतं म्हणून की काय, हीच पापणी लिहिण्याची आणखी एक रीत आहे: साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही 'ऱ्या' सारखेच, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर अवलंबून. आमच्या साठवणीत दोन्ही होते. एकच वारा दोन नावांनी वाहत होता.

सफाई दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. मग सगळी गणितं पुन्हा, पहिल्यापासून. सकाळी नवा आकडा आला तो जुन्यापेक्षा तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी. आधी उत्तरपत्रिका आणि आदर्श उत्तरं दोन्ही एकाच धोब्याकडे गेली होती, त्यामुळे यंत्राच्या कितीतरी चुका धुऊन निघाल्या होत्या. आता त्या दिसायला लागल्या.

सगळे गप्प. मग एकाने, कोण ते सांगत नाही, विचारलं, "सर, जुनाच आकडा ठेवला तर? सफाई तर सगळेच तशी करतात." तो खोटं बोलत नव्हता. तो प्रोग्राम खरंच बरेच जण वापरतात, आणि वर आम्ही एका ओळीत 'प्रचलित पद्धतीने सफाई केली' असं लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. माझ्याही मनात ते क्षणभर येऊन गेलं, हे कबूल करतो. नोकरी, बढती, मुलांचे परदेशातले अर्ज, सगळं त्या एका रकान्यात अडकलेलं असतं. कोल्हापूरची मुलगी म्हणाली, "बाईंना काय सांगायचं?" चर्चा तिथेच संपली. नवा आकडा गेला.

त्यानंतरचे तास पेपर आठ पानांत कोंबण्यात गेले. ह्या क्षेत्रातल्या मोठ्या परिषदांत लांब पेपर म्हणजे आठ पानं आणि वर संदर्भ. आमची झाली होती साडेआठ. अर्धं पान कमी करणं म्हणजे परिच्छेद काढणं, असं बाहेरच्याला वाटतं. अनुभवी माणूस आधी अशी ओळ शोधतो जिच्यावर एकच शब्द सांडलाय. तो शब्द वरच्या ओळीत चढवला की एक ओळ वाचली. मग तक्त्याचा टाइप बारीक होतो. मग चित्राखालची मोकळी जागा चोरायची. टेम्प्लेटमध्ये ह्याला मनाई असते आणि सगळे करतात. सगळ्यात शेवटी परिच्छेद जातो, आणि जातो तो नेमका ज्याच्यावर लिहिणाऱ्याचा जीव असतो तो. 'माळ्यावर' चा तो सामान आणि मालकाचा विनोद तिथे गेला. म्हणून इथे वापरून घेतला.

पेपर लाटेकमध्ये लावायचा असतो. ह्या पद्धतीचं मूळ मोठं गोड आहे. १९७७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ ह्यांनी आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहिली, छपाई बघून ते हिरमुसले, आणि छपाई लावायचा प्रोग्राम आपणच लिहू म्हणून बसले. काही महिन्यांचं काम वाटलं होतं. सुमारे दहा वर्षं गेली. 'टेक' नावाच्या त्याच प्रोग्रामवर लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनी ऐंशीच्या दशकात लाटेक उभं केलं. देवनागरीही त्यात लवकरच आली. १९९१ मध्ये फ्रान्स व्हेल्टहाउस ह्या डच माणसाने हॉलंडात बसून ती बसवली. पुढे युनिकोड थेट वाचणारं झीटेकही आलं. पण परिषदेच्या टेम्प्लेटला चालणारी जुनी आवृत्ती थेट देवनागरी वाचत नाही, आणि व्हेल्टहाउसांची रीत आमच्यापैकी कुणाला येत नव्हती. उपाय काय? प्रत्येक मराठी शब्दाचं छोटं चित्र काढायचं आणि ते इंग्रजी वाक्यात टिकलीसारखं चिकटवायचं. मराठीवरचा पेपर, आणि त्यात शोधायला गेलं तर मराठीचं एक अक्षर सापडत नाही.

पेपर निनावी पाठवायचा असतो. तपासणाऱ्याला लेखक कळू नये, लेखकाला तपासणारा. म्हणून कॉलेजचं नाव काढलं, आभार काढले, बाईंचं नाव काढलं. आमच्याच आधीच्या एका पेपराचा उल्लेख होता, तोही घाईघाईत उडवला. खरं तर 'अमुक लेखकांनी असं दाखवलं आहे' असं परक्यासारखं लिहून तो ठेवता येतो, पण चार वाजले होते. मराठीवर हे काम करणारी माणसं एका मांडवात मावतील इतकी. निनावीपणाचा हा बुरखा म्हणजे गल्लीतल्या गणपतीत कोण नाचतंय ते तोंडावर रुमाल बांधून लपवण्यासारखं.

पाच वीस. पोर्टलवर फाइल चढली. धाकट्याने सहज वर बघितलं आणि किंचाळला. सारांशाच्या चौकटीत फोनवरून मजकूर भरला होता, आणि फोनने आपल्या अकलेने 'मराठी' चं 'मॅरेथॉन' केलं होतं. आम्ही मॅरेथॉनच्या सामान्यरूपावर पेपर पाठवत होतो. पाच चोवीसला ते बदललं. पाच सव्वीसला पोच आली. वॉचमनकाकांनी विचारलं, "लागला निकाल?" म्हटलं, "दोन महिन्यांनी."

दोन महिन्यांनी तीन अभिप्राय आले. पहिला बरा होता, म्हणजे त्रोटक. दुसऱ्याने विचारलं की हे काम फक्त मराठीपुरतंच का, इतर भाषांना त्याचा काय उपयोग. हा प्रश्न मराठीवाल्याला ठरलेला. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख आहेत, पण 'फक्त' जात नाही. इंग्रजीवर काम करणारा शीर्षकात 'इंग्रजी' लिहीतसुद्धा नाही. जणू भाषा म्हणजे तीच. एमिली बेंडर ह्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं सांगत आहेत की काम केलेल्या भाषेचं नाव लिहा, ती इंग्रजी असली तरी. ह्याला आता 'बेंडर नियम' असं नावच पडलं आहे. दुसऱ्या अभिप्रायाच्या ह्याच महाशयांनी पुढे लिहिलं होतं की संदर्भ अद्ययावत नाहीत, एक तर १९११ चा आहे. तो मोरो केशव दामले ह्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' चा. बाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, तर्खडकरांचं १८३६ चं घालायचं राहिलं."

तिसरा अभिप्राय मात्र मी चौकटीत लावायला हवा होता. 'लेखकांना ह्या विषयातलं एक महत्त्वाचं काम ठाऊक दिसत नाही,' आणि खाली संदर्भ दिला होता आमच्याच त्या उडवलेल्या पेपराचा. अभिप्रायांना द्यायच्या खुलाशातही निनावीच राहायचं, त्यामुळे तो आमचाच आहे हे म्हणता येईना. मग आम्ही स्वतःच्या त्या महत्त्वाच्या कामाकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल स्वतःच विनम्रपणे दिलगिरी व्यक्त केली.

पेपर नाकारला गेला.

अशा वेळी सांगायच्या गोष्टी माझ्याकडे तयार असतात. टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९१ मध्ये वर्ल्ड वाइड वेबवरचा पेपर टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या हायपरटेक्स्ट परिषदेला पाठवला तो नाकारला गेला. त्यांना नुसतं प्रात्यक्षिक दाखवून परतावं लागलं. २०१४ मध्ये यंत्रशिक्षणाच्या सगळ्यात मोठ्या परिषदेने, तेव्हाच्या निप्सने, स्वतःचीच परीक्षा घेतली. १६६ पेपर दोन वेगळ्या समित्यांकडे दिले, आणि एका समितीने घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, दुसरीने नाकारले होते. मुलांना ह्याने बरं वाटतं. मला थोडं कमी वाटतं, कारण नाकारलेले बरेचसे पेपर नाकारण्यासारखेच असतात. आमचाही थोडा होता. सफाईचा सगळा घोळ, जो खरा सांगण्यासारखा होता, तो आम्ही तळटीपेत दडपला होता.

म्हणून पुढच्या खेपेला पेपरच उलटा केला. चार पानांचा, छोट्या कार्यशाळेसाठी, विषय एकच: नुक्ता पुसला की मराठीचं काय होतं. दऱ्या आणि दर्या पहिल्या ओळीत. तो घेतला, पण पोस्टर म्हणून.

पोस्टर छापायला गेलो फ्लेक्सवाल्याकडे. संशोधनाची पोस्टरं परिषदेत कशी दिमाखात उभी दिसतात. पुण्यात त्यांचा जन्म वाढदिवसाच्या फलकांच्या रांगेत होतो. आमच्या आधी एका भावी नगरसेवकाचा नंबर होता. फ्लेक्सवाल्याने आमची फाइल उघडली, माप पाहिलं, "तीन बाय चार, बारा स्क्वेअर फूट" म्हणाला, आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "साहेबांचा फोटो कुठे घेऊ?"

फोटो नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं. मग त्याच्या कोरलड्रॉमध्ये आमची मराठी फुटली. चौकोन, उलट्या वेलांट्या, आणि 'दऱ्या' च्या जागी पुन्हा तोच समुद्र. धाकटा कपाळाला हात लावून खाली बसला. फ्लेक्सवाला शांत. त्याने श्रीलिपी चालू केली, त्याच्या जुन्या फाँटमध्ये दोन बोटांनी सगळी उदाहरणं टाइप केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. प्रत्येक पापणी जागच्या जागी. मी विचारलं, ह्या दोन 'र्या' मधला फरक तुम्हाला कसा काय माहीत?

"आचाऱ्यांचे बोर्ड असतात ना सर, लग्नाच्या सीझनला," तो म्हणाला. "आचार्य छापला तर बोर्ड परत आणून टाकतात. पैसे देत नाहीत."